कराड–कोयना–चिपळूण ट्रंक: झेडआर मॉड्यूल बसवल्यापासून गणपतीपर्यंतच्या नोंदी

२१ एप्रिल २०२५

आज चिपळूणकडे इंटरनेट नेणाऱ्या फायबर लाईनचं काम माझ्याकडे आलं. कराड–कोयनानगर आणि कोयनानगर–चिपळूण असे दोन स्पॅन (केबलचे टप्पे), प्रत्येकावर १० जीच्या (सेकंदाला १० गिगाबिट) दोन लिंक, दोन्ही एकत्र बांधून एक बंडल, म्हणजे कुंभार्ली घाट उतरून खाली २० जीचा स्वतःचा ट्रंक. सध्या चिपळूणकडचं सगळं ट्रॅफिक भाड्याच्या लिंकवर चाललंय, तिची मुदत ३१ जुलैला संपते, आणि २७ ऑगस्टला गणपती. मुंबई-पुण्यातला चाकरमानी गावी आला की कोकणातलं ट्रॅफिक कुठे जातं हे दरवर्षी बघतोय, त्यामुळे खरी तारीख माझ्यासाठी तीच. पण घाटातलं काम मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत उरकायचं असं ठरवलंय, कारण कोयनेला वर्षाला साडेचार-पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि एकदा लागला की जमिनीतल्या जॉइंटच्या चेंबरचं झाकणसुद्धा उघडवत नाही.

आधी हिशोब मांडला. कराड–कोयना केबल रजिस्टरप्रमाणे ६४ किमी, साधी जी ६५२ डी फायबर. १५५० नॅनोमीटरच्या वेव्हलेंथला किलोमीटरमागे ०.२२ डीबी लॉस, म्हणजे उजेडाची घट, धरला तर १४.१, दोन-दोन किलोमीटरचे ड्रम म्हणजे मधले जॉइंट आणि दोन्ही टोकांच्या पिगटेल (टोकाला जोडायच्या छोट्या फायबर) धरून ३३, प्रत्येकी ०.०५ ने १.६५, दोन्हीकडच्या एफएमएसचे (केबलच्या फायबर जिथे येऊन संपतात ती पेटी) कनेक्टर मिळून १. एकूण १६.७ च्या आसपास. मॉड्यूल, म्हणजे पोर्टात बसणारा लेसर आणि रिसीव्हर, ८० किमीवालं झेडआर, पाठवणार कमीत कमी ० डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप), समोरच्याला वाचता येतं -२३ पर्यंत. डिस्पर्शनचे, म्हणजे वाटेत सिग्नल पसरण्याचे, दोन डीबी त्यातून वजा केले पाहिजेत, १५५० ला ही फायबर दर नॅनोमीटरला किलोमीटरमागे १७ पिकोसेकंद पसरवते, ६४ किमीत १०९० च्या घरात जातं. म्हणजे खरी हद्द -२१, आपण पडणार -१६.७ ला, हातात चार डीबी. यातले तीन मी पुढच्या तुटीसाठी बाजूला ठेवतो. गुहागर–विजयपूर रस्त्याच्या कडेने केबल आहे, तिथे खोदाई कायम चालू असते, आणि एक कट म्हणजे मध्ये तुकडा टाकून दोन नवे जॉइंट, दरवेळी थोडं थोडं कमी होत जाणार.

कोयना–चिपळूण ५०.६ किमी, तो सोपा आहे.

२५ एप्रिल

मॉड्यूल आली, आठ लागणारी आणि दोन स्पेअर. टेबलावर समोरासमोर लावून टेस्ट करताना मध्ये १५ डीबीचा अटेन्युएटर लावल्याशिवाय पॅचकॉर्ड जोडायची नाही हे बरोबरच्या नवीन पोराला तीनदा सांगितलं. झेडआरचा रिसीव्हर -७ च्या वर गेला की ओव्हरलोड होतो, दोन मीटरच्या कॉर्डवर त्याला +१.५ मिळाला तर डिटेक्टर कायमचा जाऊ शकतो, आणि वाईट म्हणजे काही वेळा पूर्ण जात नाही, बहिरा होऊन राहतो, मग तेच मॉड्यूल स्पेअर म्हणून कपाटात जातं आणि रात्री दोनला कामाला येत नाही. तोंड डोळ्यासमोर धरून बघायचं नाही हेही सांगितलं, १५५० चा उजेड दिसत नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

प्रत्येकाचा डीडीएम, म्हणजे मॉड्यूल स्वतःबद्दल देतं ती मोजमापं, वाचून शीटमध्ये टाकला: तापमान, व्होल्टेज, बायस करंट (लेसरचा), टीएक्स (पाठवलेली पॉवर), आरएक्स (मिळालेली पॉवर), आणि मॉड्यूलच्या मेमरीत लिहिलेले अलार्मचे आकडे. दहातल्या एकाचे सगळे थ्रेशोल्ड शून्य निघाले, ते परत पाठवलं. बाकीच्यांमध्ये आरएक्स लो वॉर्निंग -२४ आणि लो अलार्म -२७. हे आकडे बघून मनात खटकलं. वाचायची हद्दच -२३ आणि वॉर्निंग -२४ ला? म्हणजे लिंक एरर टाकायला लागल्यावर, किंवा मेल्यावरच घंटा वाजणार. हे आकडे मॉड्यूल बनवणाऱ्याने मॉड्यूलसाठी लिहिलेत, आपल्या ६४ किलोमीटरशी त्यांचा संबंध नाही. यावर मॉनिटरिंगच्या वेळी काहीतरी करायचंय, नोंद करून ठेवतो.

२ मे

कराडला एफएमएस. कोअर (केबलमधली एकेक फायबर) ७-८ पहिल्या लिंकला, १३-१४ दुसऱ्या लिंकला घेतल्यात. २४ कोअरची केबल आहे, ट्यूबमागे सहा कोअर, म्हणजे ७-८ दुसऱ्या ट्यूबमध्ये आणि १३-१४ तिसऱ्या. मुद्दाम वेगळ्या ट्यूब घेतल्या. केबल एकच आहे, जेसीबीचा दात लागला तर दोन्ही जाणार हे माहितीये, पण जॉइंटमध्ये ट्यूब वेगवेगळ्या ट्रेमध्ये बसतात, निदान एका ट्रेची भानगड दुसऱ्याला लागू नये.

कोअर ७ ला लाईट सोडून पॉवर मीटरने बघितलं तर १९.४ डीबी लॉस, हिशोबापेक्षा पावणेतीन जास्त. कनेक्टर काढून स्कोपखाली, म्हणजे कनेक्टर बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, धरला. स्क्रीनवर राखाडी गोल दिसतो, त्याच्या बरोबर मध्ये काचेच्या गाभ्याचा ठिपका, १२५ मायक्रॉनच्या काचेत जेमतेम ९ मायक्रॉनचा, आणि त्या ठिपक्यावरून आडवा एक तेलकट ओघळ गेलेला, बोटाच्या ठशासारखा, ओघळाच्या कडेला धुळीचे तीन कण चिकटलेले. डोळ्याने बघितलं तर तोच कनेक्टर चकचकीत दिसत होता. क्लीनरने एकदा केलं, ओघळ फिकट झाला पण पसरला, मग आयपीएने (साफ करायचं अल्कोहोल) ओला पुसून लगेच कोरडा केला, परत क्लीनर, परत स्कोप. चौथ्या वेळी गोल स्वच्छ आला. ॲडॉप्टरच्या आतली बाजूसुद्धा तशीच घाण होती, ती तशीच ठेवून कॉर्ड परत घातली असती तर सगळी मेहनत फुकट. मोजलं, १७.१. म्हणजे सवादोन डीबी नुसत्या घाणीत जात होते, दहा किलोमीटर केबलीएवढे.

३ मे

ओटीडीआर. हे यंत्र फायबरमध्ये उजेड सोडून कुठे किती लॉस आहे त्याचा आलेख, म्हणजे ट्रेस, काढतं. मी १५५० चा ट्रेस घेऊन बॅग भरायला लागलो होतो, लिंक १५५० वर चालणार मग तेवढा पुरे असं डोक्यात. आमचे स्प्लायसर काका म्हणाले, "सायेब, तेरा-दहाचाबी मारून ठिवा. आज कामाचा न्हाई, पर लागंल तवा मागचा मिळत न्हाई." काका बावीस वर्षं या रूटवर जॉइंट मारतायत, त्यांनी सांगितलं म्हणून चारही कोअरचे दोन्ही वेव्हलेंथला आणि दोन्ही टोकांकडून ट्रेस घेतले, सोळा फाइली, तारीख-कोअर-दिशा असं नाव देऊन सेव्ह. लांबी ६४.१० किमी आली.

९ मे

कॉन्फिगरेशन. बंडलला एलएसीपी (बंडलमधली लिंक जिवंत आहे का ते तपासत राहणारा प्रोटोकॉल) फास्ट, म्हणजे सेकंदाला एक पॅकेट आणि तीन सेकंदांत निकाल, स्लो ठेवला तर नव्वद सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात चिपळूणचं अर्धं गाव फोन करतं. मिनिमम लिंक १. मेंबरवर, म्हणजे बंडलमधल्या प्रत्येक लिंकवर, बीएफडी (तुटलेली वाट लगेच ओळखणारी तपासणी) ३०० मिलिसेकंद गुणिले ३. एमटीयू (सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार) दोन्ही टोकांना एकच असला पाहिजे आणि तो पिंग टाकून, डीएफ बिट (पॅकेट तोडू नको) लावून तपासायचा, कॉन्फिग दोन्हीकडे सारखी दिसतेय यावर विसंबायचं नाही. पडताना लगेच पडू दे, उठताना पाच सेकंद थांब, असा डिले लावला, नाहीतर सैल कनेक्टरवर लिंक वर-खाली नाचते आणि तिच्यासोबत राउटिंगसुद्धा. हॅश, म्हणजे कुठलं ट्रॅफिक कुठल्या मेंबरवर जाईल ते ठरवणारा हिशोब, लेअर ३ आणि ४ (आयपी पत्ता आणि पोर्ट) दोन्हीवर, नाहीतर एकच मेंबर भरतो.

पोर्टच्या डिस्क्रिप्शनमध्ये कोअर नंबर, ट्यूब, समोरचा पोर्ट आणि एफएमएसची पोझिशन लिहिली. याला पाच मिनिटं लागतात आणि कोणी करत नाही. मी करतो, कारण पाच वर्षांपूर्वी एका रात्री एका साईटला चुकीची कॉर्ड उपसली गेली होती, तेव्हापासून.

१४ मे

दोन्ही स्पॅन वर आले. कराडला कोअर ७ चा आरएक्स -१५.६, समोर कोयनेचा टीएक्स +१.६, म्हणजे स्पॅन लॉस १७.२, पॉवर मीटरने १७.१ होता. एवढं जुळेल असं वाटलं नव्हतं, कारण डीडीएमच्या स्टँडर्डमध्ये प्लस-मायनस तीन डीबीची सूट आहे. म्हणूनच मी त्याचा नुसता आकडा मानत नाही, तो किती हलतोय ते बघतो. मोजमापाचा जो काही फरक असेल तो रोज तेवढाच राहतो, पण हालचाल खरी असते.

आजचे आकडे बेसलाइन. चारही मॉड्यूलजोड्यांचा लॉस, तापमान, बायस करंट. बायस यासाठी की लेसर म्हातारा झाला तरी टीएक्स पॉवर सारखीच दिसते, आतलं सर्किट करंट वाढवून ती टिकवून धरतं, मग एक दिवस करंटच संपतो. आज सगळे ७५ ते ८० मिलिॲम्पच्या मध्ये. कागदावर प्रिंट काढून तिन्ही साईटला रॅकच्या दाराला आतून चिकटवलं.

२० मे

कोयनेला मॉड्यूलचं तापमान ६६. हद्द ७०. झेडआर दीड वॅट खातं आणि मी दोन मॉड्यूल शेजारशेजारच्या पोर्टात ठेवली होती, वर एसीसुद्धा धड चालत नव्हता. रात्री एक-एक करून मध्ये चार पोर्ट सोडून हलवली, बंडल असल्यामुळे ट्रॅफिकला धक्का लागला नाही. ५८ ला आली.

२७ मे

पाऊस. वळीव असेल म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केलं, पण काल २६ मे ला मान्सून मुंबईत पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, इतक्या लवकर आजवर कधी आला नव्हता म्हणे. मृगाला अजून अकरा दिवस आहेत. पाटणच्या पुढच्या सहा चेंबरमधले केबल धरून ठेवणारे क्लॅम्प तपासायचं काम ३० तारखेला धरलं होतं ते राहिलं. आज काकांना घेऊन गेलो तर रस्त्याकडेला नुसता चिखल, चेंबर कुठे आहे तेच दिसेना. परत आलो. ही सहा चेंबर डोक्यातून जात नाहीयेत.

५ जून

मॉनिटरिंगवर तीन दिवस गेले. कराडचा डबा, म्हणजे मॉड्यूल ज्यात बसतं ते यंत्र, आरएक्स डीबीएममध्ये देतो. कोयनेचा डबा दुसऱ्या जातीचा, तो एसएनएमपीच्या (यंत्रांचे आकडे दुरून वाचायची पद्धत) साध्या सेन्सर टेबलमधून वॅटमध्ये देतो कारण त्या जुन्या टेबलच्या यादीत डीबीएम हे एककच नाही, आणि ग्राफवर नुसतं "२६" दिसत होतं. २६ काय? तर २६ मायक्रोवॅट, म्हणजे -१५.८५ डीबीएम. लॉग घेऊन बदललं. लिंक पडली की शून्य येतं आणि शून्याचा लॉग निघत नाही, ग्राफ तुटतो, म्हणून शून्य आलं तर -४० धर असं टाकलं. सरासरीचंसुद्धा तसंच, डीबीएमची सरळ सरासरी काढायची नाही, आधी मिलिवॅट करायचं मग सरासरी मग परत डीबीएम.

पोलिंग पाच मिनिटांवरून एक मिनिटावर आणलं. आणि मुख्य म्हणजे नवीन ग्राफ बनवला: समोरचा टीएक्स वजा इकडचा आरएक्स. हा स्पॅन लॉस. नुसता आरएक्स बघितला आणि तो पडला तर समोरचं मॉड्यूल दमलं की फायबर खराब झाली कळत नाही. वजाबाकी केली की मॉड्यूल बाजूला निघतं आणि उरते ती केबल. दोन दिशांच्या दोन वजाबाक्या, म्हणजे कुठली कोअर तेही कळतं.

ग्राफ चालू झाला आणि पहिल्याच दिवशी कोअर ७ ला १७.९ दिसला. १४ मे ला १७.२ होता. बाकी तीन कोअर जागच्या जागी. ०.७ म्हणजे फार नाही. लिहून ठेवतोय.

१६ जून

कोअर ७: १९.१. कोअर ८: १७.६, तीसुद्धा अर्ध्याने वाढली. १३-१४ स्थिर. एनओसीला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाला, विचारलं तर सगळं हिरवं, अलार्म शून्य. बरोबर आहे त्यांचं, मॉड्यूलच्या हिशोबाने आरएक्स -१७.५ म्हणजे तब्येत ठणठणीत.

कनेक्टर असेल का? कराडचा उघडून स्कोपने बघितला, स्वच्छ. कोयनेच्या माणसाकडून तिकडचा बघून घेतला, फोटो पाठवला त्याने, तोही स्वच्छ. शिवाय घाण असती तर एका ट्यूबच्या दोन कोअर सोबतीने का वाढल्या असत्या.

२१ जून

२०.६. आज पावसाचा आणि लॉसचा ग्राफ एकाखाली एक ठेवला. जोराचा पाऊस झाला की सहा-सात तासांनी लॉस वर जातो आणि पाऊस थांबल्यावर खाली येतो पण पहिल्या जागी येत नाही, थोडा वरच राहतो. जिन्यासारखा. पाणी थेट काचेला काही करत नाही, काहीतरी सरकतंय आणि परत पूर्ण येत नाहीये. माती.

२४ जून

२२.३. साहेबांना फोन करून सांगितलं की ही लिंक मरणार आहे. ते म्हणाले अलार्म कुठे आहे. ग्राफ पाठवला, पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला, जे लागेल ते घे.

२५ जून

पहाटे तीनपासून कोयना खोऱ्यात मुसळधार. आरएक्स -२२.६, आणि पहिल्या मेंबरवर सीआरसी एरर (बिघडून आलेली पॅकेटं) सुरू, आधी मिनिटाला पाच-सहा, मग शेकड्यात. मॉड्यूलची वॉर्निंग अजून नाही, -२४ यायचं बाकी आहे ना.

बंडलची हीच अडचण असते. मेंबर पडला तर एलएसीपी त्याला बाहेर काढतं आणि सगळं दुसऱ्यावर जातं. पण हा पडत नव्हता, अर्धमेला चालत होता, एलएसीपीची छोटी पॅकेटं बहुतेक पोहोचत होती, त्यामुळे बंडल वर, स्टेटस हिरवं, आणि हॅशने ज्यांचं ट्रॅफिक या मेंबरवर टाकलं त्यांचं नेट अडखळत होतं. खेर्डीतल्या एकाच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याचं चालू आणि खालच्याचं अडकतंय अशी तक्रार आली. असं झालं की सपोर्टवाली मुलं ग्राहकाला राउटर बंद-चालू करायला सांगतात, दोष त्यांचा नाही, त्यांच्या स्क्रीनवर ट्रंक हिरवा असतो. साडेचारला मी पहिला मेंबर हाताने बंडलमधून काढला. सकाळचं ट्रॅफिक चार जी, पीक सहा, एका लिंकवर बसतंय. तक्रारी थांबल्या.

२७ जून

कराडहून ओटीडीआर. लांब पल्ल्यासाठी एक मायक्रोसेकंदाचा पल्स लागतो, त्याला शंभर मीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, पण जागा मिळाली: ४१.३८ किमीला पायरी, १५५० ला कोअर ७ वर साडेसहा डीबी. कोयनेकडून मारला तर २२.७२ ला, बेरीज ६४.१० बरोबर.

मग काकांनी घ्यायला लावलेला १३१० चा ट्रेस. त्याच जागी १३१० ला फक्त १.३. ३ मे च्या फाइलीत त्या जागी दोन्हीला ०.०६. जॉइंट खराब असता तर दोन्ही वेव्हलेंथला जवळपास सारखाच लॉस दिसला असता. १५५० ला एवढा जास्त आणि १३१० ला एवढा कमी म्हणजे फायबर वाकलीये, लांब वेव्हलेंथ वळणावर लवकर बाहेर सांडते. काकांनी स्क्रीन बघितली आणि एकच शब्द बोलले, "मुरगाळलीया."

४१.३८ ही काचेची लांबी. रस्त्यावर तेवढं मोजून गेलो तर पुढच्याच गावात पोहोचू, कारण ट्यूबमध्ये फायबर केबलपेक्षा एखाद टक्का लांब असते आणि प्रत्येक जॉइंटला दहा-दहा मीटरचे लूप गुंडाळलेले असतात. रजिस्टर काढून लूप वजा करत गेलो, उत्तर आलं जॉइंट नंबर २०, पाटण सोडून पुढे. त्या राहिलेल्या सहा चेंबरमधलं तिसरं.

२८ जून

सकाळी सात वाजता पोहोचलो. मी, काका, दोन पोरं, ताडपत्री, पंप, जनरेटर. रस्ता रुंद करताना टाकलेला मुरमाचा भराव चेंबरच्या वरच्या अंगाने पावसाने खाली बसलाय, कडेला पोटरीएवढी भेग. चेंबरमधलं पाणी उपसायला पाऊण तास. क्लोजर, म्हणजे जॉइंटची पेटी, वर काढला, पुसला, टेबलावर घेतला, ताडपत्रीवर पाऊस वाजतोय आणि काका झाकणाचे बोल्ट एक-एक करून सोडतायत.

आत पाणी नव्हतं. सील शाबूत. पण केबलचा क्लॅम्प सैल होता आणि भरावाने केबल कोयनेच्या बाजूला ओढली होती, साधारण चार बोटं. दुसरी ट्यूब, नारिंगी, तिचा लूप मुळातच आखूड ठेवलेला, त्यामुळे सगळा ताण तिच्यावर आलेला. ट्रेच्या तोंडाशी जिथे ट्यूब झिपटायने बांधतात तिथे ती कोल्ड्रिंकचा स्ट्रॉ मोडावा तशी मोडली होती, पांढरा डाग पडलेला. काकांनी नखाने टाय दाखवला, "ह्यो बगा, हितं वढून घेतलीया. तिसरीला लूप हाय म्हणून ती वाचली." मी मोबाईलवर कराडचा लाइव्ह आरएक्स उघडून ठेवला होता, लिंक बंडलबाहेर होती पण लेसर चालू होता. काकांनी टाय कापला आणि ट्यूब दोन बोटांत धरून अलगद सरळ केली, तसा आकडा -२२.१ वरून -१८.४ वर आला. हात सोडला, परत -२१. पुन्हा धरली, -१८.४. ते काही सेकंद ताडपत्रीखाली कोणीच बोललं नाही.

मग रीतसर. भरावाकडच्या चेंबरमधला जास्तीचा लूप सोडून केबलला आठ मीटर सैल दिलं, मोडलेला ट्यूबचा भाग कापून सहाही कोअर नव्याने स्प्लाइस केल्या, लूप मोठा घेतला, क्लॅम्प बदलून आवळला. सहा जॉइंटमध्ये सगळ्यात वाईट ०.०४. दुपारी अडीचला लॉस १७.३.

मूळ जॉइंट मारताना लूप आखूड का ठेवला, कोणी ठेवला हे शोधत बसलो नाही. पण उरलेल्या पाच चेंबरचे क्लॅम्प त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पावसात उघडून बघितले, दोन सैल निघाले.

२ जुलै

अलार्म नव्याने लिहिले. मॉड्यूलचे थ्रेशोल्ड आहेत तसेच राहू दिले, ते मॉड्यूल मेल्याचं सांगायला ठीक आहेत. आमचे नियम स्पॅन लॉसवर: बेसलाइनपेक्षा दीड डीबी वर गेला तर नोंद, तीन गेला तर तिकीट, चोवीस तासांत अर्धा डीबी हलला तर आकडा कितीही असो ड्युटीवरच्या इंजिनियरला फोन. सीआरसी बंडलवर न बघता प्रत्येक मेंबरवर, सलग तीन मिनिटं एरर आल्या तर मेंबर आपोआप बाहेर, पण शेवटचा मेंबर कधीच नाही. मे-जूनचा सगळा डेटा या नियमांतून परत चालवून बघितला, कोअर ७ साठी नोंद १२ जूनला निघाली असती, तिकीट १९ जूनला. म्हणजे ग्राहकाला कळायच्या सहा दिवस आधी, आणि मी रोज रात्री ग्राफ उघडून बसलो नसतो तरीसुद्धा.

एनओसीच्या एकाने विचारलं की प्रत्येक स्पॅनला वेगळा आकडा कशाला, सगळ्यांना -२० लावून टाकू. कोयना–चिपळूणचा आरएक्स -११.९ आहे, तो -२० ला येईपर्यंत आठ डीबी गेलेले असतील, त्याला उदाहरण दिल्यावर पटलं. बेसलाइन प्रत्येक स्पॅनची स्वतःची, लावल्या दिवशी मोजलेली, आणि दुरुस्ती झाली की तारखेसकट नवी.

१ ऑगस्ट

भाड्याची लिंक रात्री बारा वाजता बंद झाली. आता सगळं आपल्यावर. महिनाभर लॉस ०.१ च्या आत हलतोय. कोयनेला एसी नवीन बसला, मॉड्यूल ५१ वर.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. परवा संध्याकाळपासून ट्रॅफिक चढायला लागलं, काल रात्री साडेनऊला बंडलवर ११.४ जी. आरती झाली की घरोघरी व्हिडिओ कॉल, हे ग्राफवर अक्षरशः उंचवट्यासारखं दिसतं. पहिला मेंबर ५.६, दुसरा ५.८, हॅश ट्रॅफिक चांगलं वाटून देतोय. एकच लिंक असती तर दहा जीला डोकं आपटलं असतं. एरर दोन्हीवर शून्य. काकांच्या घरी पाटणला दीड दिवसाचा असतो, आज दुपारी तिथे मोदक खाऊन आलो, त्यांना मोबाईलवर ग्राफ दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे सरळ हाय न्हवं, मग बास."

४ सप्टेंबर

गौरी-गणपती आटोपून ट्रॅफिक सात जीवर आलंय. कोअर ७: १७.३, कोअर ८: १७.१, कोअर १३: १७.०, कोअर १४: १७.२. बायस सगळे मे मध्ये होते तिथेच, एक फक्त दोन मिलिॲम्पने वर, तो शीटमध्ये पिवळा केला. रॅकच्या दारावरचे कागद बदलले.

सोमवारपासून चिपळूण–गुहागर. केबल रजिस्टर मागवलंय, क्लीनर नवीन घेतलाय, काकांना फोन करून झाला. पहिल्या दिवशी दोन्ही वेव्हलेंथ, दोन्ही टोकांकडून, आणि खाऱ्या हवेमुळे कनेक्टर आधी स्कोपखाली.